जिनचा भोंगा आणि घरची चूल



या स्मरणिकेच्या अखेरीस वर्गणीदारांची यादी छापली आहे. आडनावे आपल्याच गावची, पत्ते मात्र अकोला, अमरावती, पुणे, मुंबईचे. ही पांगापांग कशी झाली याचा माग काढू गेल्यास आपण कापसापाशी येऊन पोहोचतो.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. पाठोपाठ आगगाडी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला.

त्यापूर्वी कापसाचे काम घरच्या ओसरीवर चाले. सासूने हातरेच्यावर सरकी काढावी, सुनेने सूत कातावे, गावच्या विणकराने कापड विणून द्यावे. या कामात कोणाची मजुरी वेगळी मोजली जात नसे. कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांची इच्छा तर उघडच होती, की विलायती कापड स्वस्त यावे, म्हणजे येथील कातणारे-विणणारे हात शेतीस मोकळे होतील. झालेही तसेच. रेचा माळ्यावर गेला.

मग अकोला, अमरावती, खामगावास जिन-प्रेस उभे राहिले. दिवाळीनंतर भोंगा वाजू लागला, की मायबाया पहाटेच भाकरी बांधून निघत. लेकरू झोळीत नाही तर आजीजवळ. दिवसभर नाकातोंडात रुई जाई. १८९१ च्या कायद्याने कारखान्यातील बायकांचे काम ११ तासांवर आणले खरे, पण हंगामी जिन १९११ च्या कायद्यापर्यंत बहुतांशी त्याबाहेरच राहिले. तरीही पदराच्या गाठीला स्वतःच्या कमाईचे पैसे प्रथमच बांधले गेले. ते सासूच्या हाती द्यावेत की नवऱ्याच्या, यावरून किती घरांत चुली वेगळ्या झाल्या असतील! लोक दोष सुनांना देतात. मला तो पटत नाही.

पुढे बडनेरा, अकोला, अचलपूर येथे कापडगिरण्या निघाल्या. जिनचे काम हंगामापुरते, गिरणीचे बारमाही. त्यामुळे मुलगा शहरातच खोली करून राहू लागला आणि घरी पोळ्या-दिवाळीपुरता पाहुणा झाला. त्या जुन्या गिरण्यांची धुराडी थंडावल्यावरही तो परतला नाही, कारण तोवर वावराच्या वाटण्या झाल्या होत्या.

वर्गणीच्या यादीत बहुतेक नावे पुरुषांची आहेत. ज्यांच्या घरी जिनमध्ये गेलेल्या आजीची आठवण कोणी सांगत असेल, त्यांनी तिचे नाव व कामाची जागा लिहून पंचमंडळींकडे द्यावी.