सायकलची बैठक

इतिहासाच्या ग्रंथांत सिंहासनांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. तें किती मणांचें होतें, त्यास कोणतीं रत्नें जडविलीं होतीं, तें कोणीं लुटून नेलें, हें सर्व बखरकार आवडीनें सांगतात. त्यावर बसणारास तें सुखाचें होतें कीं नाहीं, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. बसण्याच्या सुखदुःखास इतिहासांत स्थान नाहीं, अशी एक समजूत रूढ होऊन गेली आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. ज्या आसनावर गेल्या दीडशें वर्षांत राजांहून कितीतरी अधिक माणसें बसलीं, त्या सायकलच्या बैठकीची हकीकत पाहिली तर तींत यंत्रविद्या, वैद्यक, व्यापार आणि लोकलज्जा या चारही गोष्टींचे धागे गुंतलेले दिसतात. आणि त्यांतील शेवटचा धागा सर्वांत चिवट आहे.

सायकलचा जन्मच मुळीं घोड्याच्या छायेंत झाला. जर्मनींतील बाडेन राज्याच्या सेवेंतील कार्ल फॉन ड्राइस यानें १२ जून १८१७ रोजीं मानहाइम शहरांतून आपली लांकडी दुचाकी बाहेर काढली. तिला पायडलें नव्हतीं. बसणारानें जमिनीवर पाय मारीत पळावयाचें आणि शरीराचा भार दोन चाकांमधील गादीच्या बैठकीवर टाकावयाचा, अशी तिची योजना. १८१५ सालीं तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, पुढील वर्षीं युरोपांत पिकें बुडालीं, दाणावैरण महागली, आणि म्हणून घोड्याविना चालणाऱ्या वाहनाची निकड भासली, असा तर्क अलीकडील संशोधनांत मांडला गेला आहे. तो खरा असो वा नसो, इंग्रजी, जर्मन व फ्रेंच या तीनही भाषांत घोड्याच्या खोगिराचाच शब्द सायकलच्या बैठकीस चिकटला, हें मात्र खरें.

शब्दाच्या या साम्यामुळें एक मोठा भेद झांकला गेला. घोडेस्वाराची मांड पक्की असते ती रिकिबींच्या आणि मांड्यांच्या आधारावर. चालण्याचें काम घोड्याचें, बसण्याचें स्वाराचें. सायकलवर बसणारा मात्र स्वारही तोच आणि घोडाही तोच. त्याच्या मांड्या सारख्या वरखालीं होत असतात, म्हणून बैठक पुढें निमुळती हवी. आणि अंगाचा भार तिनेंच पेलावयाचा, म्हणून मागें ती रुंद हवी. या दोन परस्परविरोधी गरजांच्या तडजोडींतून पुढें आलेलें तें अरुंद टोंक निर्माण झालें. बैठकीच्या पुढील सर्व इतिहासाचें मूळ या टोंकांत आहे.

आरंभीं तिकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं, कारण हादऱ्यांचें दुःखच मोठें होतें. १८६०च्या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकास पायडलें जोडलेली दुचाकी निघाली. तिचीं लांकडी चाकें लोखंडी धावेचीं. फरसबंदीच्या रस्त्यावरून जातांना ती बसणाराचें अंग असें खिळखिळें करी कीं इंग्रजांनीं तिला हाडें हलविणारें यंत्र असेंच नांव दिलें. बैठक एका लांब लोखंडी पट्टीवर बसवीत, कीं ती लवून थोडा धक्का सोशील. पुढें उंच चाकाची सायकल आली. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ बाजारांत आणली. आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी धावेचें पेटंट घेतलें. हवेनें धक्का गिळला. परंतु धक्का गेला म्हणजे दुःख गेलें असें नव्हे. आतां माणसें मैलचे मैल बसूं लागलीं, आणि धक्क्याच्या जागीं दाब आला. धक्का एका क्षणाचा असतो, दाब तासन् तास चालतो.

या प्रश्नाचें एक उत्तर एका साज बनविणाऱ्यानें शोधलें, हें योग्यच झालें. जॉन बोल्टबी ब्रूक्स हा १८६६ सालीं बर्मिंगहॅमला येऊन घोड्यांचे साज व चामड्याचें सामान करूं लागला. १८७८ सालीं त्याचा घोडा मेला, नवा घेणें परवडेना, म्हणून त्यानें सायकल मागून आणली, आणि तिची बैठक इतकी त्रासदायक निघाली कीं ती सुधारण्याचा त्यानें पण केला, अशी कथा ती कंपनी सांगत आली आहे. १८८२ सालीं त्यानें आपल्या बैठकीचें पेटंट घेतलें. जाड, झाडाच्या सालीच्या कसानें कमावलेलें चामडें ओलें करून सांच्यावर बसवावयाचें, वाळवावयाचें, आणि मागच्या लोखंडी कमानीपासून पुढच्या टोंकापर्यंत झोळीसारखें ताणून रिव्हेटांनीं जखडावयाचें. सैल पडलें तर टोंकाखालचा बोल्ट फिरवून पुन्हां ताणावयाचें. या रचनेचें मर्म असें कीं चामडें हळूहळू बसणाराच्या हाडांचा आकार घेतें. नवी बैठक दगडासारखी कठीण असते, शेंकडों मैल चालविल्यावर ती त्या एका माणसाची होते. पावसांत भिजली मात्र तर ती झोळच होऊन बसते.

आपल्याकडे वर्षानुवर्षें जी काळी, दणकट सायकल चालली, ती याच इंग्रजी घराण्यांतली. कारकून, मास्तर, दूधवाले, कॉलेजांतील मुलें या सर्वांस तिनें पोसलें. उंच हँडल, ताठ पाठ, मागें रुंद चामडी सीट आणि तिच्याखालीं दोन जाड स्प्रिंगा, अशी ती रचना होती. तिला आपण जुनाट म्हणतों. परंतु ताठ बसणाराचा भार सरळ मागें पडतो व त्यास रुंद बैठकच लागते, या दृष्टीनें ती रचना अगदीं शास्त्रशुद्ध होती.

आतां लोकलज्जेच्या धाग्याकडे वळूं. १८९०च्या दशकांत युरोप-अमेरिकेंत सायकलची जी लाट उसळली, तींत स्त्रिया मोठ्या संख्येनें सामील झाल्या. मद्यपाननिषेधाच्या चळवळींतील अमेरिकन पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांनीं त्रेपन्नाव्या वर्षीं सायकल शिकून १८९५ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. परंतु बैठकीचें माप मुख्यतः पुरुषाचें. बसतांना शरीराचा भार ज्या दोन हाडांवर यावा, त्या आसनास्थींमधील अंतर स्त्रीच्या ठिकाणीं सामान्यतः अधिक असतें. बैठक अरुंद असली कीं हाडें कडेवरून सुटतात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. हें सांगावयाचें कोणीं आणि कोणाजवळ? त्याच १८९५ सालीं रॉबर्ट डिकिन्सन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानें वैद्यकाच्या मासिकांत हा विषय हाताळला. परंतु त्या काळच्या चर्चेंत या बैठकीनें स्त्रियांची नीति बिघडेल काय, याची चिंता त्यांना दुखतें कीं काय, या चिंतेहून मोठी होती. तरी व्यापाऱ्यानें वाट काढली. ‘क्रिस्टी’सारख्या बैठकींत दोन हाडांसाठीं दोन गाद्या ठेवून मधला भाग मोकळा सोडलेला असे, आणि तिच्या जाहिरातींत कटीच्या हाडांचें चित्र छापीत. सभ्य समाजांत ज्याचें नांव घेणें अशक्य, तें सांगाड्याच्या रूपानें दाखविण्यास हरकत नव्हती!

शतक संपतां संपतां ही लाट ओसरली. त्या बैठकी मागें पडल्या, आणि शर्यतींत धांवणाऱ्या पुरुषाची अरुंद बैठक हाच वेगाचा, म्हणून प्रतिष्ठेचा, नमुना ठरला. मग जवळजवळ शंभर वर्षें, दुखत असेल तर तें संवयीनें जाईल, हेंच उत्तर मिळत राहिलें. १९९७ सालीं बोस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टाइन यांनीं पुरुषांच्या बाबतींत धोक्याची सूचना दिली, तेव्हां कोठें खळबळ उडाली. २००६ सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं ४८ सायकलपटु स्त्रिया व २२ धांवपटु स्त्रिया यांची तुलना केली. सायकलपटूंच्या नाजूक भागाची संवेदना कमी झालेली आढळली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासांत सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांस पुढचें टोंकच नसलेली बैठक सहा महिने वापरावयास दिली. नाजूक भागावरील दाब पुष्कळ कमी झाला, आणि सहा महिन्यांनंतर त्यांपैकीं केवळ तिघे जुन्या बैठकीकडे परतले. ज्या कल्पनेस एकोणिसाव्या शतकानें जन्म दिला, तिची परीक्षा एकविसाव्या शतकांत झाली. मधल्या काळांतील दुःख कोणाच्याच हिशेबांत नाहीं.

या इतिहासांतून वाचकांच्या उपयोगाचें असें कांहीं निघतें काय? निघतें. पहिलें हें कीं मऊ म्हणजे सुखकर नव्हे. बैठक टोंचूं लागली कीं आपण वरून जाड गादी चढवितों. हाडें त्या गादींत रुततात, मधला भाग वर फुगतो, आणि जेथें दाब नको तेथेंच तो वाढतो. आपल्या भाषेंत निरुपयोगी भरण्यास खोगीरभरती म्हणतात, तें उगीच नव्हे. दुसरें, माप घ्यावें. कठीण पाटावर खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून त्यावर क्षणभर बसलें असतां दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधील अंतर मोजावें आणि बैठक त्याहून साधारण दोन सेंटिमीटर रुंद निवडावी. ताठ बसणारानें आणखी रुंद घ्यावी. तिसरें, बैठक समतल असावी. टोंक वर उचललेलें असेल तर चांगली बैठकही छळते, आणि फार खालीं झुकलेलें असेल तर अंग पुढें घसरून हातांवर भार येतो. चौथें आणि मुख्य, बधिरपणा आला तर तो सोसूं नये. बधिरपणा म्हणजे संवय झाल्याची खूण नव्हे, तो शरीराचा निरोप आहे.

सोसणें हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि पुष्कळ ठिकाणीं तो गुण आहेही. परंतु जें दुःख केवळ चुकीच्या मापामुळें होतें, तें सोसण्यांत कसलें पुण्य? आज शाळेंत जाणाऱ्या मुलींस आपण सायकली देतों आणि त्यांचा अभिमानही बाळगतों. ती सायकल घेतांना रंग कोणता हवा हें आपण मुलीस विचारतों. बसावयास नीट वाटतें काय, हेंही त्याच सहजतेनें विचारतां आलें पाहिजे, आणि तिला त्याचें खरें उत्तर न लाजतां देतां आलें पाहिजे. तेवढें झालें तर बैठक बदलण्यास पाना आणि पांच मिनिटें पुरतात.