लक्तरं वेशीवर

दिवाळीच्या आठवडाभर आधी घरी गेलो होतो. घरी म्हणजे कामठीला. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नागपूरच ना?" नाही हो. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर, कन्हानच्या काठी, इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली छावणी. आम्ही वेगळे आहोत. असो.

तर घरात साफसफाई चालू होती आणि आईनं माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. (आयटीवाल्या पोराचा घरी एवढाच उपयोग, उंची!) पेटीत आजीनं शिवलेली गोधडी होती. गच्चीवर दोरीवर टाकली. उन्हात तिचे तुकडे वेगवेगळे दिसायला लागले. बाबांचा शाळेतला सदरा, आईची पहिल्या संक्रांतीची साडी, माझं झबलं. मधोमध एक जांभळा, बारीक बुट्ट्यांचा तुकडा होता, तो मात्र ओळखू येईना.

"हा कोणाचा?"

"मागच्या काकूचा," आई म्हणाली. "तुले आठवते काय ती?"

आठवत होती. चांगलीच आठवत होती.

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत होती. मी तिसरी-चौथीत असेन. काकूंना मारहाण व्हायची, आणि ती आम्हाला ऐकू यायची. आधी भांडं पडल्याचा आवाज, मग काकांचा, मग काकूंचा. आणि मग आमच्या घरी एक गोष्ट नेमानं व्हायची. बाबा उठून टीव्हीचा आवाज वाढवायचे. कुणी कुणाशी काही बोलायचं नाही. पुढची कितीतरी वर्षं मला वाटायचं, आवाज वाढवायचा तो मालिका नीट ऐकू यावी म्हणून.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, लक्तरं वेशीवर टांगणे. घरातली अब्रू चव्हाट्यावर आणणे, या अर्थानं आपण तो वापरतो, आणि बहुतेक वेळा धमकी म्हणूनच. माहेरी तक्रार करणाऱ्या सुनेला सांगायचं, घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. मार खाल्ला ते चालेल, सांगितलं ते चालणार नाही. त्या गोधडीखाली उभा असताना जाणवलं की गोधडी म्हणजे तरी काय, लक्तरंच. आणि ती आत्ता दोरीवर टांगलेली आहे. पुण्याला परतल्यावर दोन विकांत याच विषयावर वाचत बसलो. त्यातून हा लेख.

पहिली गोष्ट ही की आपल्याकडच्या बायका गप्प कधीच नव्हत्या. हात कामात असला की त्या बोलत होत्या. जात्यावरच्या ओव्या ही त्याची सगळ्यात मोठी नोंद. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येतायत, ऐकताही येतात. त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, आई आहे, आणि नवऱ्याचा मार आणि सासरचा जाचही आहे. दळताना समोरच्या बाईकडे बघावं लागत नाही, नजर जात्यावर असते. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर. घरातले पुरुष झोपलेले. जे तोंडावर बोलता येत नाही ते गाण्यात बसतं.

कामठीत जातं गेलं तरी विडी होती. आजीनं उभं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेला तेंदूपत्ता, आणि पाच-सहा बायका भिंतीला टेकून बसलेल्या. बोटं आपली चालूच. कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळं त्या सुपांभोवती कळायचं. पण ते तिथल्या तिथेच राहायचं. ओवीचंही तेच. बाईनं गायलं, बाईनं ऐकलं.

आमच्या गावात ते बाहेर काढायची खटपट मात्र फार आधी सुरू झाली होती. कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९) आज बहुतेकांना 'जय भीम' या अभिवादनामुळे माहीत आहेत. पण त्यांनी विडी कामगारांना एकत्र केलं, रात्रशाळा चालवल्या, दलित बायकांसाठी महिला आश्रम काढला आणि लोकजागृतीसाठी 'वीर बालक' नावाचं नाटक लिहून तेही रंगमंचावर आणलं. पस्तिशीतच माणूस गेला. (माझ्या खात्यावर याच वयापर्यंत दोन अप्रेझल आणि एक गृहकर्जाचा अर्ज आहे.) नंतर जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचना डोंगरे. त्या परिषदेत घटस्फोटाचा हक्क मागणारा ठराव झाला, एकापेक्षा जास्त लग्नांविरुद्ध ठराव झाला. डॉ. आंबेडकरांनी तिथल्या भाषणात सांगितलं की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं राहावं, गुलाम होऊ नये. हिंदू विवाह कायदा यायला अजून तेरा वर्षं होती. आम्हाला शाळेत यातलं काहीही शिकवलं नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता १९८२. मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते या वर्षानं.

मंजुश्री सारडा ही मूळची बीडची मुलगी. फेब्रुवारी १९८२ मध्ये तिचं लग्न झालं आणि ती पुण्याला आली. ११ जूनच्या रात्री, म्हणजे लग्नाला जेमतेम चार महिने झाले असताना, सायनाइडनं तिचा मृत्यू झाला. पुण्यात खळबळ उडाली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी नारी समता मंच उभा राहिला आणि मंचानं एक पोस्टर प्रदर्शन तयार केलं. नाव होतं 'मी एक मंजुश्री'. हे प्रदर्शन महाराष्ट्रात गावोगावी फिरलं.

नाव पुन्हा वाचा. 'मंजुश्रीला न्याय द्या' नाही, 'मंजुश्रीचा खून' नाही. मी एक मंजुश्री. म्हणजे पोस्टरसमोर उभी राहणारी बाई बघायला आलेली नाही, ती त्या पोस्टरमध्येच आहे.

खटल्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण इथे आपली पंचाईत होते. पुण्याच्या सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याची निर्दोष सुटका केली. आत्महत्येची शक्यता पुराव्यानं नाकारता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. परिस्थितिजन्य पुराव्यावर एखाद्याला दोषी ठरवायचं तर पाच कसोट्या पूर्ण व्हायला हव्यात, हे या निकालात लिहिलेलं आहे. न्यायमूर्ती फाजल अली यांनी त्याला पंचशील म्हटलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही केस आजही पाठ असते. त्यांच्यासाठी सारडा म्हणजे पाच कसोट्या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मग प्रदर्शन चुकलं का? ज्या प्रकरणावर एवढं काहूर उठवलं त्यात गुन्हा सिद्धच झाला नाही. दोन दिवस हा प्रश्न डोक्यात होता, ऑफिसात कोड रिव्ह्यू करतानासुद्धा. मग खटल्यातल्या पुराव्यांबद्दल वाचताना पत्रांवर नजर अडली. मंजुश्रीनं मरण्याआधी बहिणीला आणि जवळच्या मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. कोर्टात ती पत्रं पुरावा म्हणून आली, त्यांवर पानंच्या पानं खल झाला.

आमच्या धंद्यात सर्व्हर बसला की पहिल्यांदा लॉग बघतात. आणि दर वेळी तेच निघतं, लॉगमध्ये सगळं होतं, अलर्टही आला होता, फक्त त्याचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. कोर्टाचं काम शेवटचं: याच माणसानं हे केलं, हे संशयाला जागा न ठेवता सिद्ध झालं का? त्या प्रश्नाला कोर्टानं कडक राहायलाच हवं, उद्या तिथे माझा भाऊ उभा असेल. प्रदर्शनाचा प्रश्न त्याच्या खूप अलीकडचा होता. लेकीचं पत्र येतं, ते वाचून आपण काय करतो? 'होईल सगळं ठीक' म्हणतो, की जाऊन तिला घेऊन येतो? या प्रश्नाचं उत्तर कोणताही निकाल देऊ शकत नाही. तो गावच्या सभागृहात पोस्टरवर लावूनच विचारावा लागतो, आणि बापाला, भावाला त्याच्यासमोर उभं करावं लागतं. पुढे याच मंचानं पीडित बायकांसाठी केंद्र चालवलं, त्याचं नाव 'बोलते व्हा'.

योगायोग असा की याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८८२ मध्ये, आमच्याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं. त्यालाही निमित्त कोर्टातलीच एक केस होती, सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेची.

'मी एक मंजुश्री'च्या पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. त्याचे तीन हजारांहून जास्त प्रयोग झाले. नाटक ओळखीच्या चालींवर, गाण्यांवर उभं आहे. म्हणजे जात्यापाशी जे अंधारात गायलं जात होतं, ते आता चौकात, पुरुषांच्या तोंडावर गायलं जायला लागलं. १९८३ च्याच डिसेंबरात ४९८-अ कलमही आलं. कायदा नाटकामुळे आला असं मी म्हणत नाही, पण आंदोलनं, प्रदर्शनं, नाटकं आणि कायदा हे सगळं एकाच हवेतलं आहे.

आणि आता दोरी. १९९० मध्ये अमेरिकेत, केप कॉडवरच्या हायॅनिस गावात काही बायकांनी चौकातल्या मैदानात कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तिच्यावर ३१ शर्ट टांगले. प्रत्येक शर्ट मार खाल्लेल्या, अत्याचार झालेल्या बाईनं स्वतः रंगवलेला, किंवा मेलेल्या बाईच्या माणसांनी. मेलेलीसाठी पांढरा, मारहाण झालेलीसाठी पिवळा, असे रंग ठरलेले. त्यांना एका आकड्यानं हलवलं होतं: व्हिएतनाम युद्धात सुमारे ५८ हजार अमेरिकन सैनिक मेले, त्यांच्यासाठी भिंत उभी राहिली. त्याच काळात घरातल्या किंवा ओळखीच्या पुरुषांकडून सुमारे ५१ हजार बायका मारल्या गेल्या, त्यांचं कुठेच काही नाही. दोरीच का? तर बायका शेजारणीशी मोकळं बोलतात ते कपडे वाळत घालताना. हे वाचलं आणि मला सरळ आमची गच्चीच दिसली. त्या बायकांना आपला वाक्प्रचार कुठून माहीत असणार? पण त्यांनी तो शब्दशः करून दाखवला.

आपल्याकडे घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. फक्त मारणंच नाही, तर शिव्या, धमक्या, पैसे रोखून धरणं हेही त्यात हिंसा म्हणून आलं. बाईला राहत्या घरातून काढता येणार नाही, हेही आलं. त्या वर्षी मी चौथीत होतो. म्हणजे आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतो तेव्हा कायदा लागू झालेला होता. भिंतीच्या अलीकडे कुणाला माहीत नव्हतं, पलीकडे तर नव्हतंच. आणि हे फक्त कामठीचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी ना कुठे मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. कुणालाच नाही. बहिणीलाही नाही.

आता परत गच्चीवर.

"पण काकूंची साडी आपल्या गोधडीत कशी?" मी विचारलं.

"त्याची पहिली पाळी राहे न," आई म्हणाली. "दोनले घरी ये, पिऊन. म्हणून दोन वाजले का सासूबाई तिले हाक मारत. सुई ओवून दे व माय, मले दिसत नाही म्हणत. मग बसवून घेत. पाचपर्यंत उठूच देत नसत. तो झोपून जाये तवरिक."

आजीला दिसत नव्हतं? ती संध्याकाळच्या उजेडात तांदूळ निवडायची. आणि ही गोधडी दोन वर्षं चालली होती, मला नीट आठवतं. आजी हळू शिवते, असं आम्ही हसायचो.

"काय बोलायची काकू तेव्हा?"

"ते मले काय माहीत बाप्पा. मी आत राहो. एक दिवस तिनं स्वतःच साडी फाडून आणली, जांभळी, म्हणे ही पण लावा."

बाबा तिथेच पेटी पुसत होते. मी त्यांना टीव्हीचं विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाले वाटे, मधात पडलो तर तो तिलेच जास्त मारल."

खोटं बोलत नव्हते. तसं झालंही असतं कदाचित. पण दोन वाजता हाक मारायला आजीला कुणी शिकवलं होतं?

काकू आता मुलाकडे असतात, दुर्गला. काका जाऊन आठ वर्षं झाली. आईकडे त्यांचा नंबर आहे. मी तो घेतलाय. गोधडीचा एक फोटोही काढलाय, जांभळ्या तुकड्याचा, पाठवावा म्हणून. अजून पाठवलेला नाही. काय लिहावं ते सुचत नाहीये.