शहाण्णवचा हट्ट

करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिरातली ९६ पायऱ्यांची विहीर आणि व्हर्सायच्या राजवाड्यातले नारिंगघर या दोन वास्तू सख्ख्या बहिणी आहेत, असे माझे ठाम मत आहे.

अर्थमंत्री फुकेच्या गावाबाहेरच्या वाड्यातली नारिंगाची झाडे चौदाव्या लुईने व्हर्सायला आणवली. त्याचा वास्तुविशारद मान्सार याने १६८४ ते १६८६ मध्ये नारिंगांसाठी मोठे घर बांधले. दीडशे मीटरहून लांब दालन, चार-पाच मीटर जाड भिंती, दक्षिणेला खिडक्या, आणि सगळे गच्चीखाली, टेकाडाच्या पोटात. शेगडी न पेटवता हिवाळा निघतो, कारण माती ऊब सोडत नाही. आमच्या विहिरीत तीच माती वैशाखात गारवा सोडत नाही.

दालनाच्या दोन्ही अंगांच्या जिन्यांना ‘शंभर पायऱ्या’ म्हणतात. मोजल्या तर शंभराहून थोड्या जास्त भरतात. तिथे उताराने पायऱ्या ठरवल्या. करमाळ्यात आकडा आधी ठरला, पायऱ्या मागून आल्या.

पाणी जितके खोल तितक्या पायऱ्या, असे कुणीही म्हणेल. पण रावरंभा निंबाळकरांनी १७२७ मध्ये बांधलेल्या या मंदिराचे खांबही ९६ आहेत आणि ओवऱ्याही ९६. खांबांना पाण्याच्या खोलीशी काय देणेघेणे? शिवाय पायरी बोटभर उंच-ठेंगणी केली की त्याच खोलीत हवा तो आकडा बसतो; गवंड्याला हे सांगावे लागत नाही.

मग ९६च का? धर्मशास्त्रात वर्षाची षण्णवती श्राद्धे सांगितली आहेत, तिकडे काहींचे बोट जाईल. मला ते पटत नाही. नवरात्र गाजवणाऱ्या देवीच्या दारात पितरांचा हिशेब कोण मांडेल? माझा कौल मराठ्यांच्या शहाण्णव कुळींना. निंबाळकर त्यांतलेच. ‘रावरंभा’ हा किताब आणि जहागीर निजामाकडून मिळालेली. परक्या दरबारात चाकरी करणाऱ्या मराठा सरदाराने आपले कूळ दगडात तीनदा मोजून ठेवले, यात मला तरी नवल वाटत नाही.

याची परीक्षाही अवघड नाही. टेप घेऊन वरपासून पाण्यापर्यंत प्रत्येक पायरीची उंची लिहून काढावी. तळाशी पोचता पोचता मापे एकदम बदलत असतील, तर गवंडी शेवटी आकडा जुळवत होता.