लोइस वेबर मागे का पडल्या

मूकपटांच्या काळातील अभिनेत्री आणि दिग्दर्शिका लोइस वेबर यांचे नाव १९२० नंतर झपाट्याने मागे पडले. त्याचे एक ठरलेले कारण सांगितले जाते: बाई पडद्यावरून उपदेश करीत आणि महायुद्धानंतरच्या चैनी अमेरिकेला उपदेश नकोसा झाला होता. तरुणपणी त्यांनी रस्तोरस्ती धर्मप्रचार केलेला असल्याने हे कारण पटकन पटतेही. चित्रपट समोर ठेवले की मात्र ते लंगडे पडते. १९१३ च्या ‘सस्पेन्स’मध्ये नायिका त्याच आहेत आणि पती फिलिप्स स्मॉलींसह दिग्दर्शनही त्यांचेच. घरात एकटी आई, आत शिरू पाहणारा भामटा आणि कचेरीत फोन कानाला लावलेला नवरा हे तिघे त्यांनी पडद्याचे त्रिकोणी भाग पाडून एकाच क्षणी दाखवले. ‘शूज’ (१९१६) मधली दुकानात राबणारी मुलगी फाटक्या बुटांत पुठ्ठ्याचे तळ कापून घालते आणि शेवटी बुटांच्या एका जोडासाठी स्वतःला विकते. तिथे प्रवचनाची गरजच उरत नाही. संततिनियमन आणि गर्भपातावरच्या ‘व्हेअर आर माय चिल्ड्रन?’वर पेनसिल्व्हेनियात बंदी आली, इतरत्र त्याने भरपूर गल्ला जमवला. म्हणजे नीतीचा विषय तेव्हा खपत होता.

बदलला तो धंदा. १९१० च्या दशकात युनिव्हर्सलमध्ये आयडा मे पार्क, क्लिओ मॅडिसन अशा कितीतरी बायका दिग्दर्शन करीत होत्या. वेबर तर तिथल्या सर्वाधिक पगाराच्या दिग्दर्शकांत होत्या आणि १९१७ मध्ये त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. पुढे अॅडॉल्फ झुकर यांच्या फेमस प्लेअर्स-लास्कीने थिएटरे विकत घ्यायचा सपाटा लावला, बँकांचा पैसा आला, आणि कोणता चित्रपट कुठे लागेल हे कंपनीची कचेरी ठरवू लागली. याच कंपनीशी वेबर यांचा वितरणाचा करार होता. तिने हात काढून घेतल्यावर १९२१ चा ‘द ब्लॉट’ लहान वितरकामार्फत बाहेर पडला. तुटपुंज्या पगाराच्या प्राध्यापकाच्या घरातली झिजलेली सतरंजी आणि शेजारची कोंबडी चोरण्याचा मोह झालेली त्याची बायको दाखवणारा हा चित्रपट आजही खिळवून ठेवतो. (शेवटची पाटीवाक्ये तेवढी बोजड आहेत, हे कबूल.)

यावर कोणी म्हणेल, चॅप्लिन स्वतंत्र राहून टिकलेच की. टिकले, पण १९१९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स उभारणाऱ्या चौघांपैकी तिघे तिकीटबारीवर गर्दी खेचणारे नट-नटी होते; चौथे, ग्रिफिथ, निव्वळ दिग्दर्शक, आणि तेही पुढे आपला स्टुडिओ गमावून बसले. वेबर तोवर पडद्यावरून जवळपास निवृत्त झाल्या होत्या. डोरोथी आर्झनर यांचा दाखला अधिक वजनदार आहे: बाई असूनही १९२७ पासून त्या मोठ्या स्टुडिओत दिग्दर्शन करीत राहिल्या. मात्र आर्झनर पॅरामाउंटच्या पगारी नोकरीतून, संकलनाच्या टेबलावरून वर आल्या, आणि १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओत त्या जवळजवळ एकट्याच होत्या. नव्या व्यवस्थेने एका बाईला दिग्दर्शकाची खुर्ची दिली. कथा निवडणे, पैसा उभारणे, चित्रपट प्रदर्शित करणे हे वेबर स्वतः करीत असलेले काम मात्र कचेरीकडेच राहिले.