कंगवा कोणाच्या हातात?

आपल्या काही तरुणांनी अलीकडे ड्रेडलॉक्स ठेवले आहेत आणि त्यावरून आमच्याच कार्यकर्त्यांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतात, हा काळ्या माणसांच्या बंडाचा वारसा आहे. दुसरे म्हणतात, आयाबहिणींच्या जटा सोडवण्यात आमची उमर गेली आणि आता पोरं हौसेने जटा वाढवतात! दोघांनाही आमची विनंती आहे, आधी इतिहास पाहा.

जमैकात 1930 नंतर रास्ताफारी चळवळ उभी राहिली. गुलामगिरी संपून शतक होत आले तरी वसाहतीच्या राज्यात कंगाल राहिलेल्या काळ्या लोकांची ती चळवळ. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी त्यांना देव वाटला. (ही व्यक्तिपूजा आम्हाला मान्य नाही, पण तो वेगळा विषय.) सुरुवातीचे अनेक रास्ता दाढी राखत, केस मात्र विंचरत. 1949 च्या सुमारास किंग्स्टनच्या गरीब वस्तीत 'यूथ ब्लॅक फेथ' हा तरुणांचा गट निघाला आणि वाद पेटला. बायबलमधले नाझीर व्रत सांगते की डोक्याला वस्तरा लावू नये. मग कंगवा चालतो का? विंचरणारे आणि न विंचरणारे अशी दोन घरं झाली. 'सभ्य' डोकं कसं दिसावं हे गोऱ्या मालकाने ठरवलेलं, ते आम्ही का मानावं, असा न विंचरणाऱ्यांचा सवाल होता. पुढे त्यांचीच सरशी झाली. तरी वाद मिटला नाही. 1968 मध्ये निघालेल्या 'ट्वेल्व्ह ट्राइब्स'ने जटांची सक्ती ठेवली नाही, तर बोबो पंथाचे लोक त्या फेट्याखाली झाकतात. आणि कंगवा नाही म्हणजे पाणी नाही, असं मुळीच नाही. रास्ता केस धुतात.

सत्तेला मात्र हे केस खुपले. एप्रिल 1963 मध्ये कोरल गार्डन्सच्या घटनेनंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताला धरलं, मारलं, बळाने केस कापले. सरकारने माफी मागितली ती 2017 साली.

आता आपल्याकडे या. इथे बाईच्या डोक्यात गुंता झाला की कोणीतरी सांगतं, देवी आली. त्या दिवसापासून कंगवा बंद, कात्री बंद. मान दुखते, उवा होतात, झोप लागत नाही, पण कोप होईल म्हणून घरदार गप्प. कित्येक पोरींना ही जट सौंदत्तीच्या यल्लम्माच्या दारात घेऊन गेली आणि देवदासी करून परत आली. त्यात आपल्या जातीच्या पोरी किती होत्या हे आम्ही सांगायला नको. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्यासमोर उभे राहिले आणि हे जिणं सोडा म्हणाले, ते याच गुंत्याबद्दल.

म्हणून आम्ही केसांकडे नंतर पाहतो. उद्या कापावीशी वाटली तर कापता येते का, हे आधी विचारतो. जमैकात केस ठेवायला बंदी होती, इथे कापायला. याच कारणाने जट सोडवणारा कार्यकर्ता बाईच्या होकाराशिवाय कात्री लावत नाही. लावली तर तो आणि कोरल गार्डन्सचा पोलीस यांत फरक काय?

गेल्या महिन्यात अशाच एका घरी गेलो, तेव्हा ड्रेडलॉक्सवाला एक तरुण सोबत होता. आजींनी त्याला विचारलं, "तुला कोणत्या देवीची रे?" तो गडबडला. मग म्हणाला, "कोणाचीच नाही आजी. दर रविवारी धुतो." आजींनी त्याच्या केसांना हात लावून पाहिला. स्वतःच्या जटेबद्दल अजून हो म्हणाल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं आहे, त्यालाही घेऊन.