दिव्याचे तेल, यंत्राचे तेल

बोदवडमध्ये बसून झाडाच्या तेलावर वीज करायची गोष्ट काढली की माणसे म्हणतात, हे काहीतरी नवीनच! आम्हाला तसे वाटत नाही. बोदवड ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची जुनी पेठ. १८६७ मध्ये रेल्वे भुसावळकडून नागपूरला पोचली आणि इथला कापूस, जवस मुंबईच्या वाटेला लागला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत दिवे करडईच्या, करंजाच्या तेलावरच जळत होते. तेल हे इथले इंधनच होते हो! रॉकेल आले आणि आपण ते विसरलो.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. फ्रेंच सरकारला त्यात रस होता तो आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी. तिथे भुईमूग पिकतो, मग यंत्राचे तेलही तिथेच पिकावे असा हिशेब. पुढे अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६३ मध्ये टर्बाइनवर चालणाऱ्या मोटारी लोकांना वापरायला दिल्या. त्यात शेंगदाण्याचे तेलही चालले, आणि मेक्सिकोत तर चक्क टकीला दारू!

टर्बाइनला असे काहीही का चालते? इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ठराविक क्षणी भडका उडावा लागतो. टर्बाइनमध्ये चुलीसारखा जाळ सतत चालू असतो, त्यामुळे इंधनाची चोखंदळ निवड लागत नाही. अडचण होते फवाऱ्याच्या तोंडाशी. कच्चे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट. थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात आणि काजळी धरते. त्याच तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले, की पातळ बायोडिझेल मिळते. रबरी नळ्या, वायसर मात्र बदलावे लागतात. साधे रबर त्यात फुगते.

म्हणजे यंत्राचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. न सुटलेला प्रश्न बियांचा.

२००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची शिफारस केली. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण, असे ते स्वप्न. जनावर तोंड लावत नाही म्हणून आपण जो कुंपणाला लावायचो, तोच हा एरंड. बांधावर लावा, पैसा येईल, असे शेतकऱ्यांना सांगितले गेले. २००६ पासून सरकारी तेल कंपन्यांनी बायोडिझेल लिटरला सुमारे २५-२६ रुपयांनी घ्यायचे ठरले. लिटरभर तेलाला साडेतीन-चार किलो बी लागते, त्यात गाळणी, प्रक्रिया, वाहतूक. मग बी वेचणाऱ्या बाईच्या हातात काय पडणार? फळे एकदम पिकतही नाहीत. त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. कैक ठिकाणी झुडपे उपटली गेली, आणि आम्हाला त्यात शेतकऱ्याचा दोष दिसत नाही.

आता आपल्यापुरता हिशेब करू. तीस किलोवॉटचा लहान टर्बाइन पूर्ण भारावर तासाला बारा-तेरा लिटर बायोडिझेल पितो. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी टनभर बी आले तरी नशीब. त्यातून तीनशेच्या आसपास लिटर. म्हणजे एका हेक्टरच्या वर्षभराच्या पिकावर यंत्र जेमतेम एक दिवस चालणार! त्याच आकाराचे साधे डिझेल इंजिन तेल कमी खाते, हेही सांगून ठेवतो.

कर्नाटकात कग्गनहळ्ळीला वेगळ्या वाटेने गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उडुपी श्रीनिवास यांच्या प्रयत्नांतून तिथे होंगे म्हणजे आपल्या करंजाच्या तेलावर जनरेटर चालवले आणि पाणी उपसले. टर्बाइन नव्हे, साधी इंजिने. करंजाचे झाड गावाला आधीपासून ओळखीचे होते, पेंड शेतात खताला गेली, आणि वीज आली ती पाण्यासाठी, ज्याची निकड होती.

पाण्याची निकड बोदवडला कोणी समजावून सांगायला नको. उद्या कोणी टर्बाइनचा प्रस्ताव घेऊन आलेच, तर त्याला आधी तालुक्यातले करंज मोजायला पाठवा.