‘अलिबाग से आया है क्या?’ : सूत्रसंचालकाच्या एका वाक्यावरून प्रेक्षकांत दोन मतं का पडली?

मे २०२१. सोनी टीव्हीवर ‘इंडियन आयडॉल’चा बारावा सीझन सुरू होता. महाराष्ट्रात शूटिंगला बंदी होती, म्हणून सगळा बाडबिस्तरा दमणला हलवला होता. एका भागात सूत्रसंचालक आदित्य नारायण एका स्पर्धकाची फिरकी घेत होता. बोलता बोलता, आम्ही काय अलिबागहून आलोय का, अशा अर्थाचं वाक्य तो बोलून गेला.

मनसे चित्रपट सेनेचे अध्यक्ष अमेय खोपकर यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि माफीची मागणी केली. थोड्याच दिवसांत आदित्यने सोशल मीडियावर अलिबागकरांची माफी मागितली आणि विषय संपला.

प्रेक्षकांमध्ये मात्र दोन मतं राहिली. मुंबईत रोज कानावर पडणारं वाक्य आहे, त्यात एवढं काय, असं काहींचं म्हणणं. मित्रांत बोलणं वेगळं आणि देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात बोलणं वेगळं, असं बाकीच्यांचं. यात बरोबर कोण, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

या वाक्याचा अर्थ काय?

मुंबईच्या बोलीत याचा अर्थ साधा आहे. ‘मला काही कळत नाही असं समजतोस का?’ अलिबागचा माणूस म्हणजे भोळा, गावंढळ, शहरात आल्यावर सहज फसणारा, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. हिंदी सिनेमा आणि टीव्हीमुळे ते मुंबईबाहेरही पोचलं.

यावरून प्रकरण कोर्टातही गेलं होतं. या वाक्यावर बंदी घाला, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, तो अपमान म्हणून घेऊ नका, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणजे हे वाक्य बोलणं गुन्हा नाही, हे दोन वर्षं आधीच स्पष्ट झालं होतं. आदित्यच्या वेळचा प्रश्न कायद्याचा नव्हता, औचित्याचा होता.

मग कोकणाला ते का लागतं?

अलिबागच्या समोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे आणि गावात कान्होजी आंग्रेंची समाधी. ज्या आरमाराने युरोपीय जहाजांना धाकात ठेवलं, त्याचं हे एक मुख्य ठाणं. दुसरं आमचं विजयदुर्ग. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रेंकडून विजयदुर्ग घ्यायला इंग्रजांचं आरमार आणि पेशव्यांचं सैन्य, दोन्ही यावं लागलं होतं.

अजून एक उदाहरण. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे लक्षात आलं. त्यामुळे १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं गेलं. ती वेधशाळा आजही तिथे आहे.

आणि गाण्याच्या कार्यक्रमाबद्दलच बोलायचं तर झी मराठीच्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मधून २००८-०९ साली घराघरात पोचलेली मुग्धा वैशंपायन अलिबागचीच.

तरीही टोमणा टिकून आहे, कारण तो मुंबईच्या नजरेतून तयार झालाय. गिरणीपासून गोदीपर्यंत राबायला गेलेला चाकरमानी रायगडचा असो की सिंधुदुर्गाचा, शहराने त्याला आधी ‘गावाकडचा’ म्हणूनच पाहिलं. म्हणून वाक्यात नाव अलिबागचं असलं तरी देवगड-विजयदुर्गच्या माणसालाही ते टोचतं.

आदित्यबद्दल मतं आधीपासूनच विभागलेली होती का?

हो. आदित्य नारायण हा गायक उदित नारायण यांचा मुलगा, स्वतः लहानपणापासून गाणारा. २००७ च्या ‘सा रे ग म प चॅलेंज’पासून तो सूत्रसंचालन करतोय. तो स्वतः गातो, त्यामुळे स्टेजवरची धडधड त्याला कळते आणि नवख्या स्पर्धकाला तो मोकळं करतो, हे त्याच्या बाजूचं मत. गाणी ऐकायला बसलेल्या माणसाला त्याची थट्टामस्करी आणि नाटक जास्त होतं, हे विरोधी मत.

विरोधी मताला कारणंही होती. २०२० च्या सुरुवातीला, अकराव्या सीझनमध्ये, आदित्य आणि परीक्षक नेहा कक्कर यांच्या लग्नाची हवा कार्यक्रमातच केली गेली. प्रत्यक्षात त्याच वर्षी दोघांनी वेगवेगळ्या जोडीदारांशी लग्न केलं. पुढे मे २०२१ मध्ये किशोरकुमार विशेष भागानंतर अमित कुमार यांनी, आपल्याला सगळ्यांचं कौतुक करायला सांगितलं होतं, असं उघड केलं. तेव्हा कार्यक्रमाची बाजू मांडायला आदित्यच पुढे आला. त्याच महिन्यात अलिबागचं वाक्य आलं. आधीच वैतागलेल्या प्रेक्षकाने ते सोडून दिलं नाही.

सूत्रसंचालकाचं काम नेमकं काय?

एकाच माणसाला इथे तीन कामं असतात. स्पर्धकाला धीर देणं, प्रेक्षकाला गाण्यापर्यंत नेणं आणि चॅनेलला हवी ती गंमत किंवा भावुक क्षण घडवून आणणं. पहिली दोन कामं नीट झाली की सूत्रसंचालक आवडतो. तिसरं काम वरचढ झालं की तो गाण्याच्या मध्ये येतो. मराठीत ‘लिटिल चॅम्प्स’च्या त्या पर्वाचं नाव निघालं की पल्लवी जोशींची आठवण निघते. त्याही मुलांशी भरपूर बोलायच्या, पण बोलण्याचा केंद्रबिंदू ते मूल असायचं.

मग त्या वाक्याला जबाबदार कोण?

इथे एक गोष्ट बहुतेक चर्चांमधून निसटली. तो भाग थेट प्रक्षेपित नव्हता, आधी रेकॉर्ड केलेला होता.

आपल्याकडच्या दशावताराशी तुलना करून बघा. तिथे संवाद लिहून दिलेले नसतात. संकासुराने देवळासमोर एखादी कोटी केली आणि ती चुकली, तर समोरचे लोक तिथल्या तिथे दाखवून देतात. बोललेला शब्द परत घेता येत नाही, म्हणून जबाबदारी बोलणाऱ्याची.

रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमात तसं नसतं. सूत्रसंचालकाच्या मागे लेखक असतात, निर्मात्यांची टीम असते, संकलन असतं आणि शेवटी चॅनेल असतं. ते वाक्य आदित्यला आयत्या वेळी सुचलेलं असेल, तरी प्रक्षेपणाआधी काढायला एका कात्रीचं काम होतं. कोणीही ते काढलं नाही, कारण कोणालाच त्यात काही खटकलं नाही. अलिबागकरांच्या दृष्टीने खरी तक्रारीची बाब हीच आहे.

म्हणून दोन्ही मतांमध्ये थोडं तथ्य आहे. तोंड आदित्यचं होतं, माफी त्यानेच मागायची होती आणि त्याने ती मागितली. पण राग फक्त त्याच्यावर काढला की चॅनेल सुटतं. सूत्रसंचालक बदलला तरी पुढच्या सीझनला नवा चेहरा त्याच टीमबरोबर काम करणार.

पुढच्या वेळी एखाद्या सूत्रसंचालकाचं बोलणं खटकलं, तर आधी कार्यक्रम थेट होता की रेकॉर्ड केलेला, हे बघा. थेट असेल तर त्याला जाब विचारा. रेकॉर्ड केलेला असेल तर ते वाक्य ज्यांनी ठेवलं, त्यांनाही विचारा.